नकाबपोश कातिल आणि माझा बुरखा

"मिस, आपका बुरखा दो दिन के लिए मिलेगा क्या?"

आठवीतल्या एका मुलानं स्टाफरूमच्या दारातून मान आत घालून विचारलं. स्नेहसंमेलनात त्यांच्या वर्गाची नाटिका होती, 'नकाबपोश कातिल'. पाच मित्र सुट्टीत मळ्यातल्या घरी राहायला जातात आणि रात्री एकेक करून मारले जातात, अशी गोष्ट. ती कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. मोबाईल सगळ्यांच्या घरी आहे. वर्गातला सर्वांत उंच मुलगा कातिल ठरला होता. लाकडी सुरा चंदेरी कागदात गुंडाळून तयार होता. अडलं होतं ते फक्त नकाबावर.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. राहायला एकलहऱ्यात. सकाळी बुरखा घालून निघते आणि शाळेत पोचल्यावर तो खुंटीला अडकवते. पोरगा त्या खुंटीकडेच बोट दाखवत होता. त्याच्या आवाजात खोडी नव्हती. त्याची आई, खाला, मोठी बहीण, सगळ्या बुरखा घालतात हे मला ठाऊक आहे. तरी खुनी कसा दिसावा म्हटल्यावर त्याला हाच कपडा आठवला. बाहेरच्या कुणी असं म्हटलं असतं तर मी रागावून मोकळी झाले असते. इथे कुणावर रागवायचं तेच कळेना. तालमीपुरता घेऊन जा म्हटलं, आणि दिला.

हे सिनेमे मी अजिबात पाहिलेले नाहीत असं नाही. बी.एड.च्या दिवसांत वसतिगृहावरच्या मैत्रिणींनी भाड्यानं सीडी आणून दाखवले होते. १९७८ च्या 'हॅलोविन'मधल्या मायकल मायर्सचा मुखवटा दोन डॉलरच्या आतला, दुकानातून आणलेला. मुळात तो 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फवारला, झाला खुनी. श्रेयनामावलीत त्या मुखवट्याआडच्या पात्राला म्हटलंय नुसतं 'द शेप', म्हणजे आकृती. भीती वाटते ती त्या कोरेपणाची. आपण समोरच्याची गयावया करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो, थोडं तरी विरघळतंय का म्हणून. त्या पांढऱ्या रबरात काही हलतच नाही.

या सिनेमांची दुसरी गंमत मला जास्त महत्त्वाची वाटते. मुखवटा निघाला की आत बहुतेक वेळा ओळखीचं माणूस सापडतं. हॉकीच्या मुखवट्यासाठी प्रसिद्ध असलेला जेसन १९८० च्या पहिल्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये खुनी नाहीच, खून त्याची आई करते. तो मुखवटाही त्याच्या तोंडावर चढला १९८२ च्या तिसऱ्या भागात. १९९६ च्या 'स्क्रीम'मध्ये नायिकेचा प्रियकर आणि त्याचा मित्र असे दोघे मिळून खून करतात. (पाहायचा राहिला असेल त्यांनी माफ करावं.) प्रेक्षक सिनेमाभर बाहेरचा कुणीतरी शोधत राहतो आणि शेवटी घरातलाच निघतो. या बाजारू सिनेमांचा एवढा प्रामाणिकपणा मला आवडतो. पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण आठवा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. करणारे चौघं कलामहाविद्यालयात शिकणारी मुलं, आणि पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. ओळखीची पोरं म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला. त्या चौघांत एक मुनव्वर शाहही होता. १९८३ मध्ये चौघांनाही येरवड्यात फाशी झाली. ते प्रकरण आजही मारणाऱ्यांच्या नव्हे, मेलेल्यांच्या आडनावानं ओळखलं जातं. मला तेच बरं वाटतं.

हिंदीत 'स्क्रीम'वरून २००३ साली 'श्श्श...' आला, त्याच वर्षी त्याच जातकुळीचा 'कुछ तो है'ही आला. दोन्ही फारसे चालले नाहीत. मराठी पोरांच्या मनात घर केलं ते १९९३ च्या 'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूनं. तो अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'वरून आला खरा, पण त्याला मुखवटा नाही. रामदास पाध्यांच्या हातातला तो बाहुला थोबाड उघडं ठेवून येतो, वर नावगाव सांगून धमकी देतो. मुखवट्याचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यात, पेठ-सुरगाण्याकडे, आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो. देव, राक्षस, सगळ्यांचे मुखवटे घालून रात्रभर संबळावर नाचतात. राक्षसाच्या मुखवट्याखाली कुणाचा कोण आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं. पोरं किंचाळतात आणि त्यालाच नावानं हाकाही मारतात.

मग आमच्या पोराला बुरखाच का आठवला? उत्तराचा एक तुकडा तर मीच दरवर्षी फळ्यावर लिहिते. वाक्प्रचार : बुरखा फाडणे. अर्थ : ढोंग उघडं पाडणे. वाक्यात उपयोग : पत्रकारानं भ्रष्ट अधिकाऱ्याचा बुरखा फाडला. समोर बाकावर मुलींचे बुरखे घडी करून ठेवलेले असतात. त्या वाक्य उतरवून घेतात आणि परीक्षेत गुण मिळवतात. पुढच्या तासाला मी उर्दू शिकवते. तिथे शायरीत नकाब उठतो आणि चंद्र दिसतो. १९६३ च्या 'मेरे महबूब'मध्ये अलीगढचा नायक नकाबातल्या नुसत्या डोळ्यांवर जीव टाकतो. १९६० च्या 'चौदहवीं का चाँद'मध्ये पडद्यामुळे ओळख चुकते आणि दोन दोस्त एकाच स्त्रीच्या प्रेमात अडकतात. कपडा तोच. घंटा वाजली की त्याच्याआडचं माणूस बदलतं. इतकी वर्षं दोन्ही तास मीच घेते आणि हे माझ्या लक्षात येऊ नये, याची लाज वाटली.

दुसरा तुकडा बातम्यांचा. 'बुरखाधारी महिलेने दागिने लांबवले' अशी बातमी येते. ती खोटी असते असं मी म्हणत नाही. चोर बुरखा वापरतात, कधी पुरुषही घालतात. बँकेत चेहरा दाखवा म्हटलं तर मी दाखवते, त्यात अपमान मानत नाही. पण हेल्मेट घालून सोनसाखळी खेचणाऱ्याची बातमी वाचून कुणी शेजारच्या हेल्मेटकडे बघून पर्स आवळून धरत नाही. आमच्या एकलहऱ्यात कोळशावरचं वीज केंद्र आहे. राखेच्या गाडीवर काम करणारी माणसं डोळे सोडून सगळं तोंड फडक्यानं बांधतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकरोडकडे निघालेल्या स्कूटीवरच्या मुली स्कार्फ असा गुंडाळतात की सख्खी आई ओळखणार नाही. २०२० मध्ये तर सगळा देशच तोंड झाकून फिरत होता. त्या गर्दीत अंगावरून नजर सरकते आणि पुन्हा मागे येऊन थांबते, ती कुणावर, हे बुरखा घालून बसमध्ये उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आणि तिसरा तुकडा सिनेमाचा. स्लॅशरपटात मुखवटा निदान शेवटी निघतो. आपल्याकडे सुरमा, दाढी, जाळीची टोपी हाच मुखवटा करून टाकला, आणि चेहऱ्यालाच मुखवटा केल्यावर काढणार काय? १९९९ चा 'सरफरोश' मला अजूनही टोचतो, कारण तो वाईट सिनेमा नाही. त्यात प्रामाणिक इन्स्पेक्टर सलीमही आहे. पण गझल गाणारा गुलफाम हसन शेवटी शस्त्रांच्या धंद्याचा सूत्रधार निघतो. गझल हाच त्याचा बुरखा! उर्दू शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं तो सिनेमा कसा बघायचा सांगा.

आमच्यातल्या काहींना हे लिहिणं आवडणार नाही, दुसऱ्या कारणासाठी. बुरख्यावर चर्चाच नको म्हणणारे आहेत. माझी आई सिन्नरकडची. आयुष्यभर साडीचा पदर डोक्यावर घेऊन शेतात राबली, तिनं बुरखा कधी घातला नाही आणि तिच्या नमाजात त्यामुळे काही कमी पडलं नाही. मी घालते, माझ्या मर्जीनं. माझी मुलगी काय करेल ते तिचं ती ठरवेल.

तालमीचं सांगायचं राहिलं. व्हॅन यायला उशीर होता म्हणून पहिलीची मुलं हॉलमध्येच पुढे बसवली होती. दिवे घालवले, मोबाईलवर भीतीदायक संगीत लागलं, आणि डावीकडून माझा बुरखा घालून, हातात सुरा घेऊन कातिल आला. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी दप्तर उचलून उभी राहिली. "अम्मी आ गई!" शेजारची म्हणाली, "तेरी अम्मी इतनी लंबी नहीं है." आणखी दोघं-तिघं उठून कातिलाच्या पायाशी गेले. नकाबाच्या आतूनच हसायचा आवाज यायला लागला आणि नाटिका तिथेच बसली.

बुरखा कसाबसा गुंडाळून परत आला. "मिस, इससे तो कोई डरता ही नहीं."

मग त्यांनी पुठ्ठा कापला, वर चुना फासला, डोळ्यांना दोन भोकं पाडली. तोंड काढायचं विसरले की मुद्दाम काढलं नाही, कोण जाणे. तो लावून उंच मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. तीन वर्षं मी त्याला शिकवतेय. तो हसतोय, रुसलाय की खोटं बोलतोय, हे मला लांबून कळतं. त्या क्षणी काहीच कळेना. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

श्वास कोंडला म्हणून त्यानंच तो काढला. घामानं चुना गालाला लागला होता.

"मिस, डर लगा?"

"लगा," मी म्हटलं. "आता तोंड धू, आणि मराठीची वही आण. कालचे वाक्प्रचार पुन्हा बघायचेत."