'पित्त' म्हणून टाळू नका

मराठीत 'पित्त झालंय' म्हटले की ऐकणारा जळजळ, आंबट ढेकर समजतो आणि थंड दूध प्यायला सांगतो. उर्दू बोलणाऱ्या घरात 'पित्ता' म्हणजे यकृताखालची पित्ताची पिशवी. कल्याणच्या दूधनाका परिसरात अनेक घरांत दोन्ही भाषा नांदतात. रमजानमध्ये हा शब्दांचा गोंधळ जिवावर बेतू शकतो.

दिवसभराच्या रोजात पित्त त्या पिशवीत साठून घट्ट होते. इफ्तारला समोसे, भजी, खिमा पोटात गेला की पिशवी जोराने आकुंचन पावते. आत खडा असेल आणि तो तोंडाशी अडकला, तर उजव्या बरगडीखाली कळ उठते. ती पाठीत, उजव्या खांद्यात जाते. यात रोजाचा दोष नाही. खडा तयार व्हायला बहुधा वर्षे लागतात.

साधी कळ काही तासांत ओसरते. ती पाच-सहा तासांपेक्षा जास्त राहिली, ताप आणि उलट्या सुरू झाल्या, तर पित्ताशयाला सूज आल्याची शंका घ्यावी. डॉक्टर बरगडीखाली दाबून खोल श्वास घ्यायला सांगतात. रुग्णाचा श्वास मध्येच अडखळला की संशय बळावतो. मग रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीसाठी तर पोट रिकामेच बरे, म्हणजे 'रोजा आहे, नंतर बघू' हे कारणही उरत नाही.

सूज असेल तर दाखल होऊन सलाईन, प्रतिजैविके आणि प्रकृती साथ देत असेल तर लवकर शस्त्रक्रिया, हा उपचार आहे. शस्त्रक्रियेच्या नावाने घाबरू नये. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये आपल्या जवळच, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती नेहमीची झाली आहे.

खरा धोका पित्तनलिकेच्या संसर्गाचा. पोटात दुखणे, थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे होणे, ही तीन लक्षणे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्येच सांगून ठेवली. ती तिन्ही दिसली तर घरात काविळीचा झाडपाला शोधत बसू नये, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. अडलेले पित्त मोकळे करावे लागते. त्यासाठी बहुतेकदा तोंडावाटे दुर्बीण घालतात. उशीर झाला तर संसर्ग रक्तात पसरतो.

राहिला प्रश्न दीनचा. सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केले, तिथेच आजाऱ्याला ते इतर दिवशी पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारणे याला तकवा म्हणत नाहीत. सुटलेल्या रोजांची कजा करता येते.

हे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. आणि आपल्या घरांत सहरीला सर्वांत आधी उठणारी, इफ्तारचे तळण तळणारी आणि स्वतःचे दुखणे 'ईद होऊ दे, मग बघू' म्हणून पुढे ढकलणारी तीच असते. तिला कुणीतरी ठामपणे सांगायला हवे की आज रोजा सोड आणि दवाखान्यात चल. ते घरातल्या पुरुषांनी सांगावे. आणि मशिदीतल्या इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात या सवलतीवर दोन मिनिटे बोलावे. तिला घराबाहेर काढायला कदाचित तेवढेच पुरेल.