नाव वारलीचे, हात कोणाचा?

संगणकाला 'वारली शैलीत लग्नाची वरात काढ' असे फर्मावायचे, क्षणार्धात अवतरलेले चित्र टी-शर्टांवर आणि स्टिकरांवर छापायचे आणि 'अस्सल वारली' म्हणून विकायचे, असा एक धंदा सध्या बोकाळला आहे. हटकले की उत्तर ठरलेले: शैली कोणाच्या मालकीची नसते.

मान्य. त्रिकोणावर आणि वर्तुळावर कोणाचाही सातबारा नाही. मग त्या फर्मानातून 'वारली' हा शब्द तेवढा वगळून दाखवावा! यंत्राला जे चित्र सापडते ते या एका शब्दाच्या आधाराने. आणि त्या शब्दात अर्थ भरला तो गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक 'लिहिणाऱ्या' सुवासिनींनी. त्या चौकात पालघाट देवी असते. विक्रेत्याला ती नक्षी वाटते.

कला बाजारात आणू नये, असे हे सोवळे नव्हे. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे विकली गेली, पण त्या चित्रांमागे एक हात होता आणि मोबदला त्या हातापर्यंत पोचण्याची शक्यता होती. इथे ती शक्यताच मोडीत निघते.

'आमचेही श्रम असतात' हा दुसरा बचाव. असतात खरे. १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआयने छापले तर साडेतीन इंचही भरत नाही. ते वाढवावे लागते, फाटलेल्या कडा साफ कराव्या लागतात, रंग कापडाला जुळवावे लागतात. हे श्रम छपाईवाल्याचे आहेत. त्यांचे दाम त्याने खुशाल घ्यावेत. चित्रकाराचे नाव का घ्यावे?

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही विक्री त्याच्या कलमांत अडकते की निसटते, याचा खल वकिलांनी करावा. सचोटीला कलम लागत नाही. वस्तूवर 'यंत्रनिर्मित' असे ठळक छापावे आणि 'वारली' हा शब्द खोडावा. त्यानंतरही माल खपला, तर कलेचे श्रेय त्यांनी अवश्य घ्यावे. नाही खपला, तर आजवर ते काय विकत होते हे उघड होईल.