साठवणीचा गड आणि वाहतं पाणी

परवा बऱ्हाणपूरजवळचा असीरगड चढलो. माथ्यावरून सातपुड्याची खिंड स्पष्ट दिसते. हा गड म्हणजे दक्षिणेचा दरवाजा. धान्य, पाणी, दारूगोळा भरून फारुकी सुलतानांनी तो अकबराविरुद्ध अडवून धरला. 1601 च्या जानेवारीत गड पडला, आणि तो सोन्याच्या चाव्यांनी, म्हणजे लाचेनं, उघडला असं इथले लोक अजून सांगतात. कोठारं भरलेली होती, गड गेला.

संध्याकाळी बऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्यात उतरलो. भिंतीवर हात ठेवला तर क्षारांचा खरखरीत पांढरा थर. मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास बांधलेली ही व्यवस्था. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर, कुंडीकुंडीतून शहराकडे जातं. एकही कुंडी पाणी अडवत नाही, म्हणून चारशे वर्षांनीही ते खळाळतं आहे.

न साठवता पुढं देत जाणारं ते पाणी पाहताना मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. गरिबांच्या घरून मूठमूठ धान्य आलं. पण भाऊरावांनी मुलांना नुसतं घेणारं ठेवलं नाही. ती शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. ज्याच्या घामाची भर ताटात असते, त्याला मिंधेपण शिवत नाही. त्यांच्या 'कमवा आणि शिका'चा अर्थ मला हाच वाटतो.

आज सर्वांगीण शिक्षणाच्या जाहिरातीत घोडेस्वारी असते, रोबोटिक्स असतं. पालक विचारतात, फी किती, पुढं पॅकेज किती? त्यांची काळजी खरी आहे. पण मूल बारा-पंधरा वर्षं फक्त मिळवायलाच शिकलं, तर ते असीरगडाचं कोठार होतं. बुद्धी, हात आणि मन एकत्र वाढायचं, तर द्यायची सवयही अभ्यासक्रमातच हवी.

त्याला पैसा लागत नाही. दहावीच्या मुलीनं आठवड्यातून एक तास पाचवीच्या पोराला अपूर्णांक शिकवावेत. पुढं त्या पोरानं तिसरीतल्या कुणाला तरी पाढे शिकवावेत. या उन्हाळ्यात मुलांना बऱ्हाणपूरला आणा. गड दाखवा, मग कुंडीत उतरवा आणि त्या थंड पाण्यात हात बुडवू द्या.