बॉक्स आला, पण भिडू कुठायत?

शनिवारी सकाळी पोहे खाता खाता एका मित्राचा मेसेज आला. "हा गेम बघ. चारच दिवस उरलेत. बॅक करू का?" खाली लिंक. लिंकवर धुकट जंगल, त्यात प्लास्टिकच्या राक्षसांची पलटण आणि कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. मी लिहिलं, "दुपारी फोन करतो." दुपारी फोन केला, पाऊण तास बोललो, तरी अर्धं सांगायचं राहिलंच. ते इथे लिहितोय.

ज्यांचा बोर्डगेमशी संबंध 'व्यापार' आणि सापशिडीनंतर तुटला त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या पंधरा वर्षांत या धंद्याची रीतच बदलली. आधी गेम छापायचा आणि मग विकायचा, हे मागे पडलं. आता आधी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि मग छापायचा. २००९ साली किकस्टार्टर सुरू झालं. ठरलेली रक्कम जमली तर तुमच्या कार्डावरून पैसे जातात, नाही जमली तर कुणाचेच जात नाहीत. आता गेमफाउंड नावाची पोलंडची साइट खास बोर्डगेमसाठी आहे, तिने २०२५ मध्ये इंडीगोगोसुद्धा विकत घेतली. हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठी माणसाला दोन गोष्टी पक्क्या माहीत असतात. एक गणपतीची वर्गणी, दुसरी पुस्तकांची प्रकाशनपूर्व सवलत. क्राउडफंडिंग म्हणजे या दोघांचं लफडं आहे. दिसतं सवलतीसारखं आणि असतं वर्गणीसारखं. किकस्टार्टरने स्वतःच २०१२ मध्ये "आम्ही दुकान नाही" असं जाहीर सांगून टाकलं होतं. पण घड्याळ उलटं चालायला लागलं की ते कोण वाचतंय!

मीही वाचलं नव्हतं. २०२१ मध्ये पहिली नोकरी, घरूनच काम, आणि आम्ही चौघे दर शनिवारी एकाच्या गच्चीवरच्या खोलीत डाव टाकायचो. पत्ते, मग कतान, मग मागून आणलेला 'पँडेमिक' (हो, त्या वर्षी, आणि हो, आम्हाला ते गंमतीचं वाटायचं). अशात एक भव्य गेम दिसला. चार भिडू, लांबलचक मोहीम, प्रत्येकाचं वेगळं पात्र. चौघांनी वर्गणी काढली. १२० डॉलर. दिवाळी २०२२ ला येणार होता. मध्येच शिपिंगचे आणखी ४५ डॉलर मागितले, कारण कंटेनरचे दर कित्येक पट वाढले होते. ते कारण खोटं नव्हतं, बहुतेक सगळे गेम चीनमध्ये छापले जातात आणि त्या काळात जहाजात जागा मिळणंच मुश्किल झालं होतं. मग एका भागाचा साचा चुकला. मग नुसतीच शांतता. दर दोन महिन्यांनी एक ईमेल, "लवकरच". शेवटी मार्च २०२४ मध्ये कुरिअरवाल्याने दार वाजवलं आणि आधी कस्टमची पावती पुढे केली. ड्यूटी नुसत्या वस्तूवर नसते, मालाची किंमत अधिक वाहतूक अधिक विमा या सगळ्यावर लागते, आणि मग त्या एकूण रकमेवर जीएसटी. म्हणजे आपण शिपिंगला भरलेल्या पैशांवरही कर! सगळं मिळून सतरा हजारांच्या वर गेलं. तेव्हा माझ्या खोलीचं दीड महिन्याचं भाडं.

पैशाचं एक वेळ सोडा. बॉक्स आला तेव्हा चौघांपैकी एक टोरांटोला होता, एक बंगळुरूला. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं, म्हणजे पुण्यात असूनही नसल्यातच जमा. मी एकटाच त्या बॉक्सपुढे बसलो होतो. प्लास्टिकचं आवरण काढलं, तीन पात्रांच्या पाकिटांवर तिघांची नावं लिहिली (कशाला लिहिली देव जाणे) आणि बॉक्स कपाटावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. मोहिमेचा पहिला डावसुद्धा झालेला नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत हे. गेम बॅक करायच्या आधी गेमबद्दल विचारूच नका. दोन वर्षांनी तुमच्या टेबलाभोवती कोण बसलेलं असेल, हे विचारा. पंचविशी-तिशीतल्या माणसाला याचं उत्तर खरोखर देता येत नाही. कुणाची ऑनसाइट लागते, कुणाचं लग्न ठरतं, कुणी एमएस करायला जातो. चौघांशिवाय चालतच नाही असा गेम या वयात बॅक करणं म्हणजे भिडूंच्या भविष्यावर पैज लावणं. एकट्याने किंवा दोघांत नीट चालतो का हे आधी पाहा. 'स्पिरिट आयलंड' हे याचं चांगलं उदाहरण. २०१५ च्या किकस्टार्टरमधून उभा राहिला, २०१७ मध्ये आला, आणि एकट्याने खेळला तरी तितकाच डोकं खातो. वसाहत करायला आलेल्यांना बेटावरची दैवतं हाकलून लावतात अशी त्याची कल्पना. बाकीचे गेम्स आपल्याला वसाहतवाला करतात, हा उलटा फासा टाकतो. आवडतो मला.

दुसरं मत जरा भांडखोर आहे. मोठमोठ्या, कोट्यवधी डॉलर जमवणाऱ्या मोहिमांना आपल्या पैशांची गरज नसते, आणि बहुतेक वेळा आपल्यालाही त्यांची नसते. 'ग्लूमहेवन' बघा. २०१५ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा पाच हजारांच्या आत लोक होते. ती खरी वर्गणी. एका माणसाचं वेड, ते कुणी दुकानात ठेवलं नसतं. २०१७ च्या दुसऱ्या छपाईला चाळीस हजारांवर लोक आणि जवळपास ४० लाख डॉलर. २०२० मध्ये त्याचा पुढचा भाग 'फ्रॉस्टहेवन', ८३ हजारांवर लोक, १ कोटी ३० लाख डॉलरच्या जवळ. तिथे ती प्रकाशनपूर्व सवलतच असते, फक्त जोखीम वर्गणीची. आणि गंमत म्हणजे त्याच २०२० मध्ये त्याच लेखकाने 'जॉज ऑफ द लायन' हा छोटा ग्लूमहेवन थेट दुकानात आणला. चार पात्रं, २५ डाव, पट मांडायची कटकट नाही, पुस्तकाच्या पानांवरच खेळायचं. नऊ-दहा किलोच्या मूळ बॉक्सची निम्म्याहून जास्त मजा त्यात आहे, कस्टमच्या पावतीशिवाय. 'विंगस्पॅन' तर क्राउडफंडिंगला शिवलाच नाही. त्याच्या प्रकाशकाने २०१५ मध्ये 'साइद'साठी १८ लाख डॉलर जमवले, आणि मग किकस्टार्टरला रामराम ठोकला. इतकं जमत असताना सोडणारा माणूस मला फार आवडतो.

"पण एक्सक्लुझिव्ह राक्षस फक्त बॅक करणाऱ्यांनाच मिळणार ना?" मित्राचा प्रश्न. मिळो बापडा. सत्तर राक्षसांच्या वर एकाहत्तरावा नसला म्हणून कुणाचा शनिवार वाया गेल्याचं मी ऐकलेलं नाही. रंगवतो म्हणून आणलेले राक्षस सगळ्यांच्याच घरी करडेच असतात :-)

मग बॅक करायचं तरी काय? जे बाजार एरवी छापणारच नाही ते. माझ्या मते गेल्या काही वर्षांत वर्गणी सगळ्यात सार्थकी लागली ती 'जॉन कंपनी'च्या दुसऱ्या आवृत्तीत. २०२१ ची मोहीम, वेर्ले बंधूंची छोटी प्रकाशन संस्था. विषय ईस्ट इंडिया कंपनी. खेळाडू म्हणजे लंडनमधली घराणी. पोरांना कंपनीत चिकटवायचं, कुणी अध्यक्ष, कुणी जहाजांचा कारभारी, कुणी मुंबई इलाख्याचा प्रमुख. एकमेकांना वचनं द्यायची, लाच द्यायची, आणि शेवटी निवृत्त होऊन बंगला आणि चांगलं स्थळ मिळवायचं. कंपनी बुडाली तरी तुमचं घराणं जिंकू शकतं! हिंदुस्थानच्या नकाशावर मद्रास, बंगाल, म्हैसूर, हैदराबाद असे प्रांत आहेत, आणि एकावर लिहिलंय 'मराठा'. पुण्यात बसून त्या चौकोनावर फौज पाठवायचा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा आमच्या टेबलावर एकदम सामसूम झाली. एकाने हात मागे घेतला. दुसरा म्हणाला, "अरे, खर्च निघत असेल तर पाठव की." आणि सगळे हसलो, आणि मग जरा गप्प झालो. अठराव्या शतकाबद्दल शाळेतल्या पुस्तकाने जे कळलं नाही ते त्या एका वाक्याने कळलं. साम्राज्य हे बरंचसं कुणाच्या तरी खर्चाच्या हिशेबात उभं राहिलं. आता सांगा, असा गेम कुठली मोठी खेळणी कंपनी काढणार?

आपल्याकडचं म्हणाल तर 'शासन'. मुंबईच्या मेमेसिसचा, २०१९ मध्ये किकस्टार्टरवर आला. आपल्याला एक धोरणात्मक प्रश्न विचारला जातो, आपण ठामपणे उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून पैसा, दबदबा, प्रसिद्धी किंवा विश्वास हातात पडतो. मग त्यातून मतदार मिळवायचे, जमल्यास मतदारसंघाची जुळवाजुळवही करायची. तिसऱ्या फेरीपर्यंत माणूस स्वतःचं मत सांगायचं सोडून सोयीचं मत सांगायला लागतो. ऑफिसमधल्या सगळ्यात तत्त्वनिष्ठ माणसाबरोबर खेळून पाहा. किकस्टार्टरवर मोहीम काढू शकणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथल्या माणसाला कुठून तरी द्राविडी प्राणायाम करूनच तिथे पोचावं लागतं. असं कुणी पोचलं तर माझा हात जरा सैल सुटतो, हे कबूल.

बुडायची भीती खरीच आहे. २०१२ मध्ये एका अटलांटिक सिटीवरच्या गेमसाठी १ लाख २२ हजार डॉलर जमले, वर्षभराने माणसाने हात वर केले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये त्याच्यावर कारवाई केली, क्राउडफंडिंगवरची त्यांची पहिली. पैसे घरभाड्यात वगैरे गेले होते. तो गेम शेवटी दुसऱ्याच प्रकाशकाने छापून लोकांना दिला म्हणून बरं. पण आजकाल चोरापेक्षा हिशेब चुकलेल्यांची भीती जास्त. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं आयात शुल्क १४५ टक्क्यांवर नेलं, महिन्याभराने उतरवलं, पण तेवढ्यात 'स्पिरिट आयलंड'च्या प्रकाशकाने आपली बहुतेक माणसं काढून टाकली होती. चांगला गेम, चांगली माणसं, तरी हे. त्यामुळे ज्याने आधी दोन-तीन गेम वेळेवर पोचवलेत, जो शिपिंगचा आकडा देशागणिक सांगतो आणि ज्याची नियमपुस्तिका आजच उतरवून घेता येते, त्यालाच मी पैसे देतो. नियमपुस्तिका तयार नाही, पण राक्षसांचे फोटो तयार आहेत, म्हणजे पळा. आपण आयटीवाले, स्पेसिफिकेशन नसताना क्लायंटला डेमो दाखवल्यावर पुढे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मित्राच्या लिंकवरच्या मोहिमेत नियमपुस्तिका होती, हे मान्य करतो. छत्तीस पानं. म्हणून त्याला म्हटलं, पैसे देऊ नकोस, कार्डही काढू नकोस, आधी ही छाप. उद्या संध्याकाळी तो येतोय, त्याची बहीण येतेय आणि तिची एक मैत्रीण. पट चार्टपेपरवर काढायचाय, सोंगट्यांना राजमा आणि वाटाणे, राक्षसांना आईची भोपळ्याची बियाणं. घड्याळात अजून तीन दिवस आहेत.