इन्सासला शिव्या घालण्याआधी एवढं वाचा

"इन्सास म्हणजे भंगार" ही पोस्ट परत फिरायला लागलीय. खाली हसणाऱ्यांची रांग. यातल्या निम्म्या लोकांना हेही ठाऊक नसेल, की ती रायफल आपल्या कसब्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, पाषाणच्या एआरडीईत डिझाइन झाली.

दोष होतेच. 1999 ला कारगिलमध्ये थंडीनं प्लास्टिकची मॅगझिन तडकली, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवलेली रायफल थांबेना, जवानाच्या तोंडावर तेल उडालं, अशा तक्रारी आल्या. त्यावर पांघरूण घालायला मी बसलेलो नाही.

पण पहिल्याच फटक्यात शहाणी निघालेली रायफल दाखवा की एखादी! अमेरिकेची एम-16 व्हिएतनाममध्ये ऐन चकमकीत अडकायची. गोळीतली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नाही. त्यांनी ती टाकून दिली नाही, सुधारली. एम-4 तिचीच नात. इंग्रजांच्या एसए-80 ची 1991 च्या आखाती युद्धात वाळूनं दैना केली. त्यांनी ती जर्मनीच्या हेकलर अँड कोखकडून दुरुस्त करून घेतली आणि पुढं वर्षानुवर्षं वापरली.

आणि आपण? रायफल, एलएमजी, कार्बाइन असं अख्खं कुटुंब आखलं होतं. आत कलाश्निकोव्हसारखा पिस्टन आणि फिरता बोल्ट, गॅसचा रेग्युलेटर मात्र जुन्या एसएलआरच्या घराण्यातला. कल्पना चांगली होती. कार्बाइन मात्र लष्करात कधी रुळलीच नाही, आणि ते अपयश पाषाणचंच, तिथं मी कुणाची बाजू घेणार नाही. पुढं आखूड नळीची, पूर्ण ऑटोमॅटिक एक्सकॅलिबर आली, तोवर वरच्यांचं मन फिरलं. म्हणे 5.56 ची गोळी पुरत नाही, 7.62 हवी. अहो, 7.62 ची एसएलआर काढूनच तर इन्सास आणली होती ना! मग 2019 मध्ये अमेरिकी कंपनीकडून 72,400 सिग रायफली, 2021 मध्ये सहा लाखांवर एके-203 चा करार. ही एके-203 तरी काय, 1947 च्या रायफलीची पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून केलेली आवृत्ती. रशियानं जे केलं ते आपण विकत घेतलं.

माझा राग आहे तो इथं. डिझाइन पाषाणला, रायफल इशापूर, तिरुचिरापल्ली नि कानपूरला, गोळी वरणगावला, आणि काय हवं ते ठरवणार दिल्ली. तांबट आळीत घेतलेला बंब गळला तर कुणाच्या दारात जायचं ते गिऱ्हाइकाला माहीत असतं. जवानानं कुणाकडं जायचं? डिझाइनवाले कारखान्याकडं बोट दाखवणार, कारखाना डिझाइनकडं, आणि दोघं मिळून लष्कराच्या बदलत्या मागण्यांकडं. 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. दारावरच्या पाट्या बदलल्या, बाकी डिझाइन आणि कारखाना आजही वेगवेगळ्या छपराखाली.

आता जानेवारी 2024 पासून एआरडीईची 7.62 ची 'उग्रम' चर्चेत आहे. वजन चार किलोच्या आत, मारा 500 मीटर, हैदराबादची खासगी कंपनी जोडीला. फोटोला लाइक ठोकणाऱ्यांनो, आपल्या खासदाराला एक पत्र पण टाका: उग्रममध्ये खोट निघाली, तर ती किती महिन्यांत दुरुस्त करायची आणि कुणी, हे कुठल्या कागदावर लिहिलंय?