वणाची भूक

जखम भरली, टाके निघाले, खपली पडली, की आपण वणाला विसरून जातो. गिलावा झाला आणि गवंडी घरी गेला, असा आपला समज असतो. पण वाचकहो, शरीरातला हा गवंडी कधी घरी जातच नाही. वणाच्या जागी त्याची डागडुजी वर्षानुवर्षे चालू असते आणि त्याला रोजच्या रोज माल लागतो.

हे सांगायला निमित्त झाले एका भगिनींच्या पत्राचे. त्यांच्या आईंचे पोटाचे मोठे ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला आहे. आईंनी कुठेसे ऐकले, की निरंकार उपास केला म्हणजे शरीर भुकेपोटी आधी नको असलेला भाग खाते, वण विरघळतो, आतडी चिकटली असतील तर सुटतात. तेव्हा कार्तिकी एकादशीपासून सात दिवस नुसत्या पाण्यावर राहायचे, असा त्यांचा बेत आहे. शिवाय आंबटाने पू धरतो म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिंबू-आवळा बंद केला आहे, तो वेगळाच!

उपाशी वणाचे काय होते, हे दर्यावर्दी मंडळींनी फार पूर्वी पाहून ठेवले आहे. १७४० साली जॉर्ज ॲन्सन हा इंग्रज सेनानी जहाजांचा तांडा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. महिनोन् महिने ताजी भाजी नाही, फळ नाही. खलाशी स्कर्व्हीने पटापट मरू लागले. या सफरीची हकीकत १७४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट आहे. १६९० मध्ये आयर्लंडातल्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या!

असे का व्हावे? वण मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. ते विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. तीन धाग्यांना पीळ देऊन दोर वळावा तसे कोलॅजन वळले जाते, आणि तो पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागते. ते नसले की दोर ढिला पडतो. इकडे जुने दोर कुरतडण्याचे काम मात्र थांबत नाही. धडधाकट कातडीपेक्षा वणात ही उसवण आणि विणकाम अधिक वेगाने चालते. म्हणून विणकर बसला, की पहिल्यांदा उसवतो तो वण.

याची परीक्षा एका माणसाने स्वतःच्या अंगावर घेतली. बॉस्टनमधले तरुण सर्जन जॉन क्रँडन यांनी १९३९ साली फळे आणि भाज्या पूर्ण वर्ज्य केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेतला. तो नीट भरला. सहा महिन्यांनी दुसरा घेतला. दहा दिवसांनी पाहिले तर वरची कातडी मिळालेली, पण आत भरलेले काहीच नाही! क जीवनसत्त्व टोचल्यावर मात्र तीच जखम भरून आली.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टर, उपासाने पेशी शुद्ध होतात यावर नोबेल पारितोषिक मिळाले आहे ना? जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली ते मिळाले, ही गोष्ट खरी. त्यांनी किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या, आणि त्या स्वतःचाच जुना माल मोडून खाताना दिसल्या. पण हे खाणे पेशीच्या आतले. वणाचा मुख्य ऐवज, म्हणजे कोलॅजन, पेशीच्या बाहेर पसरलेला असतो. घरातली अडगळ विकली म्हणून अंगणातली भिंत कशी पडेल?

बरे, काचेच्या बशीत अन्न तोडले तर फायब्रोब्लास्ट सुस्तावतात, वाढ थांबवतात, हेही खरे. पण बशी म्हणजे माणूस नव्हे. उंदरांवरच्या प्रयोगांत तर २०१२ साली उलटेच आढळले. यकृतात वण धरवणाऱ्या पेशी स्वतःच्या आतली चरबी अशाच रीतीने मोडून खातात, आणि त्या बळावर आणखी तंतू विणतात. तेव्हा उपास केला की वण गेला, इतका हा हिशेब सरळ नाही.

आता पत्रलेखिका ताईंना माझे सांगणे. सात दिवसांत कोणाला स्कर्व्ही होत नाही, हे मी जाणतो. पण आईंची जखम अजून कोवळी आहे. तीन आठवड्यांच्या वणाला मूळ कातडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढेच बळ असते. पुढे महिनोन् महिने ते वाढत जाते, तरी रुपयाला ऐंशी पैशांच्या पलीकडे पोचत नाही. नेमक्या या दिवसांत अन्न तोडले तर शरीर नको असलेले शोधत बसत नाही. ते हातापायांचे स्नायू मोडून गुजराण करते आणि वणाचा विणकर रिकाम्या हाताने बसतो. पोटावरचा वण आतून सैल राहिला तर तिथे हर्निया होतो, आणि पुन्हा टेबलावर निजावे लागते.

आईंची श्रद्धा मोडू नका. सर्जनना विचारून एकादशीला दूध, दही, शेंगदाणे, फळे द्या. नुसत्या साबुदाण्यावर मात्र ठेवू नका. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. एरवीच्या दिवशी वरण, उसळ, चालत असेल तर अंडे. आणि आंबटाने पू धरतो ही समजूत सोडा. पू जंतूंनी होतो, लिंबाने नव्हे. एक बऱ्यापैकी पेरू दिवसभराचे क जीवनसत्त्व पुरवतो, आणि आवळा तर लिंबाला कितीतरी मागे टाकतो.

दिवाळी सरली की कार्तिकात आवळीखाली पंगत मांडायची आपली जुनी रीत आहे. यंदा त्या पंगतीत आईंना मानाचे पान वाढा, आणि पानावर आवळ्याची फोड विसरू नका.