वडापावसाठी अख्खं खातं कशाला उघडायचं?

‘कॅशचा जमाना गेला’ हे वाक्य २०१६ च्या नोटाबंदीपासून आपण ऐकतोय. आकडे मात्र वेगळंच सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात दोन हजार कोटींच्या वर गेले, हे खरं. पण नोटाबंदीच्या तोंडावर देशात साधारण १८ लाख कोटींची रोकड फिरत होती, ती आता ३५ लाख कोटींच्याही पुढे गेलीये. म्हणजे दोन्ही वाढलं. मार खाल्ला तो डेबिट कार्डाने. कँटीनमध्ये कार्ड काढणारा मित्र शेवटचा कधी पाहिलात, आठवून बघा.

यात कार्डाचा दोष कमी आणि दुकानदाराचं गणित जास्त आहे. क्यूआर म्हणजे भिंतीला चिकटवलेला एक कागद. कार्डासाठी मशीन लागतं. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, पण इतर डेबिट कार्डांवर ते ०.९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. वीस रुपयांच्या चहात टपरीवाला एवढी उठाठेव कशाला करेल? यूपीआयचीही त्याला धास्ती आहेच. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी सरळ ‘फक्त कॅश’च्या पाट्या लावल्या.

तर रोजच्या खर्चात खरी निवड खिशातली नोट आणि खात्याला थेट जोडलेलं काहीतरी, यांच्यात आहे. कार्ड काय, यूपीआय काय, दोन्ही अख्ख्या खात्याचं दार उघडतात. घरून महिन्याला आठ हजार येत असतील, तर पंधरा रुपयांच्या वडापावसाठीही मागे आठ हजार उभे असतात.

समजा पाकीट हरवलं. आत तीनशे रुपये होते, ते गेले, विषय संपला. कार्ड हरवलं तर? ‘टॅप’ करून पाच हजारांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं आहे. चूक ना तुमची ना बँकेची, आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आणि पैसे तात्पुरते खात्यात परत टाकायला बँकेला दहा कामाचे दिवस मिळतात. नोकरदार माणूस दहा दिवस कसेबसे काढतो. होस्टेलवरच्या पोराने मेसवाल्या काकांना तोवर काय सांगायचं?

कॅशही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पाचशेची नोट मोडली की संध्याकाळपर्यंत ती कुठे गेली ते कळत नाही. यूपीआयवर निदान यादी तरी उरते. काढायलाही पैसे पडतात: दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला मुंबईत तीन, पुणे-नागपुरात पाच व्यवहार फुकट, आणि नुसता बॅलन्स पाहिला तरी तो त्यात मोजला जातो. त्यापुढे मे २०२५ पासून व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत, वर कर. पाचशे काढायला २३, म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त! सुट्ट्यांची बोंब तर विचारूच नका. एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटा निघाल्याच पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेला २०२५ मध्ये बँकांना बजावावं लागलं.

हाताने नोट देताना खर्च जास्त टोचतो, असंही म्हणतात. एमआयटीच्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये सामन्याच्या तिकिटांचा लिलाव करून पाहिला, तेव्हा कार्डाने देणाऱ्यांनी रोखीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त बोली लावली. पण ते क्रेडिट कार्ड होतं, म्हणजे उधारी. डेबिट कार्डाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा स्वतःचं स्टेटमेंट उघडा आणि पन्नास रुपयांच्या आतल्या ओळींची बेरीज करा.

माझं मत रोजच्या चहा-नाश्त्याला आणि रिक्षाला आठवड्याची ठरलेली कॅश, असं आहे. मोबाईलच हवा असेल तर यूपीआय लाइट घ्या. त्यात जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात, आपण सातशेच टाकायचे. हजारापर्यंतच्या पेमेंटला पिन लागत नाही, म्हणून फोनला लॉक हवाच. चार नोटा वेगळ्याही ठेवा. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं, तेव्हा त्याच कामाला आल्या असत्या. कार्ड राहू द्या एटीएमसाठी आणि मोठ्या खरेदीसाठी. ऑनलाइन, परदेशी आणि ‘टॅप’ व्यवहार बंद-चालू करायची, मर्यादा ठरवायची सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये असते. नको ते आजच बंद करा. आणि फसवणूक झालीच, तर आधी बँक आणि १९३०, मग ग्रुपवर मेसेज.